जावास्क्रिप्टची उजळणी कोड्यांतून: उत्तर आधी वहीत, मग कन्सोलमध्ये

अर्धविराम

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी जावास्क्रिप्टमध्येच काम करते आहे, आणि तरीही दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने "क्लोजर नेमके काय धरून ठेवते, किंमत की व्हेरिएबल?" असे विचारले तेव्हा मी दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही. (क्लोजर म्हणजे बाहेरची व्हेरिएबले स्वतःबरोबर धरून ठेवणारे फंक्शन.) रोजच्या कामात फ्रेमवर्क इतके काही सांभाळून घेते की भाषेचा पाया पायाखालीच राहतो आणि त्याच्याकडे वाकून पाहण्याची वेळ येत नाही. म्हणून मी उजळणीला बसले. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्याऐवजी छोटी कोडी सोडवायची असे ठरवले. प्रत्येक कोडे पाच ते दहा ओळींचे असते आणि प्रश्न एकच असतो: कन्सोलवर, म्हणजे कोडचा निकाल दाखवणाऱ्या खिडकीत, काय छापले जाईल?

पद्धत साधी आहे, पण ती काटेकोरपणे पाळावी लागते. वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारायची, डावीकडे उत्तर लिहायचे आणि उजवीकडे त्याचे कारण एका पूर्ण वाक्यात लिहायचे. त्यानंतरच कोड चालवायचा. उत्तर बरोबर आले तरी पान उलटायचे नाही. कोड्यातली एकच गोष्ट बदलायची आणि आपण लिहिलेले कारण बदललेल्या कोडालाही लागू पडते का, ते पाहायचे. पहिल्या आठवड्यात माझी बहुतेक उत्तरे बरोबर होती, कारणे मात्र निम्मी चुकलेली होती, आणि ही गोष्ट मला निव्वळ कोड चालवून कधीच कळली नसती.

सर्वांना ठाऊक असलेले कोडे घेते. फॉर लूपच्या कंसात व्हारने (व्हेरिएबल घोषित करण्याच्या जुन्या शब्दाने) आय घोषित केला आहे, तो ० पासून सुरू होऊन ३ पेक्षा लहान असेपर्यंत वाढतो, आणि प्रत्येक फेरीत सेटटाइमआउट लावून १०० मिलिसेकंदांनी आय छापला जातो. उत्तर येते ३, ३, ३. व्हारच्या जागी लेट हा नवा शब्द लिहिला की उत्तर येते ०, १, २. मी उजव्या रकान्यात कारण लिहिले होते: "लेट ब्लॉकपुरते मर्यादित असते, म्हणून." हे वाक्य मुलाखतीत खपून जाते.

आता एकच बदल करा. लेट आय ही घोषणा लूपच्या आधीच्या ओळीवर न्या आणि फॉरच्या कंसात नुसते आय बरोबर ० एवढेच ठेवा. लेट अजूनही लेटच आहे, पण काय छापले जाईल? स्वतः टाइप करून पाहण्याआधी कारणासकट उत्तर लिहावे, अशी विनंती आहे. या धाग्यावर मी कोड मुद्दाम शब्दांत सांगणार आहे. चिकटवायला तयार कोड समोर नसला की तो हाताने टाइप करावा लागतो, आणि टाइप करतानाच अर्धे कोडे सुटते.

उंबरठा

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे आणि जावास्क्रिप्ट शिकायला लागून मला जेमतेम सहा महिने झाले आहेत, त्यामुळे चुकल्यास सांभाळून घ्यावे. मी वहीत ३, ३, ३ असे लिहिले आहे. कारण असे लिहिले आहे की आय एकच आहे, तिन्ही फंक्शने त्या एकाच आयकडे पाहत आहेत, आणि ती चालतात तोपर्यंत लूप संपून तो ३ झालेला असतो. चालवून पाहिले तर ३, ३, ३ हेच आले. पण मग लेट कंसात असताना तीन वेगळे आय कुठून येतात, हे मला सांगता आले नाही.

अर्धविराम

उंबरठा, तुमचे कारण माझ्या पहिल्या कारणापेक्षा चांगले आहे. क्लोजर किंमत धरून ठेवत नाही, व्हेरिएबल धरून ठेवते. त्यामुळे कोणत्याही क्लोजरच्या कोड्यात पहिला प्रश्न हाच विचारायचा की इथे व्हेरिएबले एकूण किती तयार झाली.

फॉरच्या कंसात लेट असेल तर दर फेरीला एक नवे व्हेरिएबल तयार करायचे, मागच्या फेरीतल्या व्हेरिएबलची किंमत त्यात उतरवायची आणि मग ती वाढवायची, असा स्वतंत्र नियम इक्मास्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकाच्या, २०१५ च्या आवृत्तीत लेटबरोबरच आला. ब्लॉकची मर्यादा हा लेटचा एक गुण झाला. दर फेरीला नवे व्हेरिएबल मिळणे ही फॉर लूपने केलेली खास सोय आहे. लेट बाहेर नेले की पहिला गुण शिल्लक राहतो, दुसरी सोय जाते. हे दोन नियम माझ्या डोक्यात वर्षानुवर्षे एकच होऊन बसले होते.

पानगळ

पद्धत आवडली, विशेषतः एकच गोष्ट बदलून पाहण्याची. तरी एक आक्षेप नोंदवतो. जाळ्यावर जावास्क्रिप्टची कोडी म्हणून जी फिरतात, त्यांतली बरीचशी रिकाम्या कंसांच्या गमती असतात. [] == ![] हे खरे का, ३ > २ > १ हे खोटे का, टाइपऑफ नल ("काहीच नाही" या किमतीचा प्रकार) विचारले की ऑब्जेक्ट का येते, अशा प्रश्नांची उत्तरे पाठ करून कोणाचाही कोड सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. कामाच्या ठिकाणी आम्ही प्रकार न बदलता तुलना करणारे तीन बरोबरींचे चिन्हच वापरतो आणि लिंटर (कोडमधल्या शंकास्पद ओळी दाखवणारे साधन) बाकीचे अडवतो.

टाइपऑफ नलचे उदाहरण घ्या. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली. त्या पहिल्या अंमलबजावणीत प्रत्येक किमतीला प्रकार सांगणारी काही बिट जोडलेली असत. ऑब्जेक्टसाठी ती शून्य होती आणि नलची तर सगळीच बिट शून्य होती, म्हणून नल ऑब्जेक्टांच्या रांगेत जाऊन बसला. पुढे दुरुस्तीचा प्रस्ताव आला, पण असंख्य जुनी पाने मोडतील म्हणून तो फेटाळला गेला. हा इतिहास वाचनीय आहे, हे मान्य. पण त्याला भाषेची मूळ संकल्पना म्हणता येईल का, अशी मला शंका आहे.

अर्धविराम

पानगळ, टाइपऑफ नलबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. तिथे नियम शोधण्यासारखे काही नाही, ते एकदा वाचून लक्षात ठेवावे आणि पुढे जावे. [] == ![] मात्र मी वहीत ठेवले आहे, आणि का ठेवले ते सांगते.

पायऱ्या लिहून काढल्या तर उजवीकडची ![] ही राशी आधी सुटते. रिकामा अ‍ॅरे हे ऑब्जेक्ट असल्यामुळे तो खऱ्यात मोडतो, आणि नकार लागला की फॉल्स होतो. आता [] == फॉल्स अशी तुलना उरते. बुलियनचा आकडा होतो, म्हणजे ०. ऑब्जेक्टची तुलना आकड्याशी असल्यामुळे अ‍ॅरेला आधी मूळ प्रकारात यावे लागते, आणि त्याची टूस्ट्रिंग रिकामी स्ट्रिंग देते. रिकाम्या स्ट्रिंगचा आकडाही ०, आणि ० == ० खरे. पाच पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी इतर कुठेतरी एकेकटी भेटतेच. फॉर्ममधल्या खान्यातून आलेली "१०" ही स्ट्रिंग असते. तिच्यात ५ मिळवले की "१०५" होते आणि तिच्यातून ५ वजा केले की आकडा ५ येतो. हे आपल्या सर्वांच्या हातून कधी ना कधी झालेले आहे, आणि तिथे तीन बरोबरींचे चिन्ह मदतीला येत नाही.

अजून एक प्रसंग सांगते. पूर्वी मी जिथे काम करत होते, तिथे कर्जाच्या थकबाकीचा एक तक्ता रकमेनुसार चढत्या क्रमाने लावायचा होता. सॉर्टला तुलनेचे फंक्शन न देता ती ओळ मीच लिहिली होती. चाचणीसाठी भरलेल्या सगळ्या रकमा तीन आकडी असल्यामुळे क्रम अचूक दिसला. प्रत्यक्ष वापरात १०००, २५०, ९५० असा क्रम आला आणि तो तीन दिवस कोणाच्याही लक्षात आला नाही. सॉर्टला तुलनेचा नियम दिला नाही तर ते प्रत्येक घटकाची स्ट्रिंग करते आणि अक्षरसंकेतांच्या क्रमाने लावते, हे मला ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. ते मी वाचलेले होते, पण एकदाही स्वतः भाकीत करून तपासलेले नव्हते. [१०, ९, १] सॉर्ट केल्यावर काय येईल, एवढे एक कोडे आधी वहीत लिहून सोडवले असते, तर ती ओळ लिहिताना माझा हात थांबला असता असे मला वाटते. (उत्तर १, १०, ९ असे आहे.)

पानगळ

सॉर्टचे उदाहरण पटले. माझा आक्षेप आता इतकाच ठेवतो की ज्या कोड्याच्या कारणातून दुसरे कोडे सुटते, ते वहीत ठेवावे आणि बाकीची सोडून द्यावीत.

नदीकाठ

मी महाविद्यालयात शिकवते. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त घोळ इव्हेंट लूपमध्ये, म्हणजे कोणता कोड कधी चालणार हे ठरवणाऱ्या यंत्रणेत, होतात, म्हणून त्यावरचे एक कोडे देते. मी ते फळ्यावर चार रकाने आखून सोडवून घेते: आत्ता चालणारे, मायक्रोटास्कची रांग (प्रॉमिस आणि अवेटनंतरची कामे), टास्कची रांग (टाइमरसारखी कामे) आणि छापलेले.

पहिली ओळ "सुरुवात" छापते. दुसरी ओळ ० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट लावते, त्यात "टाइमर" छापले जाते. त्यानंतर काम नावाचे एसिंक फंक्शन आहे. ते आधी "आत" छापते, मग अवेट नल करते आणि मग "परत" छापते. घोषणेनंतर लगेच हे फंक्शन बोलावले आहे, त्याच्या पुढे अवेट नाही. मग प्रॉमिस डॉट रिझॉल्व्हवर (प्रॉमिस म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाचे ऑब्जेक्ट) देन लावून "देन" छापले आहे. शेवटची ओळ "शेवट" छापते.

क्रम असा येतो: सुरुवात, आत, शेवट, परत, देन, टाइमर. वर्गात निम्मी मुले "आत" हा शब्द शेवटनंतर लिहितात, कारण एसिंक म्हटले की फंक्शन पूर्णपणे नंतरच चालणार अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात पहिल्या अवेटपर्यंतचा सगळा भाग नेहमीच्या फंक्शनसारखा तिथल्या तिथे चालतो. अवेटनंतरचा भाग मायक्रोटास्कच्या रांगेत उभा राहतो. "परत" रांगेत आधी लागला आणि "देन" त्याच्यामागे लागला, म्हणून तो क्रम. हातातला कोड संपल्यावर मायक्रोटास्कची रांग पूर्ण रिकामी होते आणि मगच टाइमरची पाळी येते. "पूर्ण रिकामी" या शब्दांवर मी बोट ठेवते, कारण मायक्रोटास्कने आणखी एक मायक्रोटास्क लावला तर तोही टाइमरच्या आधीच चालतो, आणि हे न संपणारे केले तर पान गोठते आणि क्लिकसुद्धा पोचत नाही.

अर्धविराम यांच्या नियमाप्रमाणे आता एक गोष्ट बदलू. अवेट नलच्या जागी, आधीच पूर्ण झालेले एक प्रॉमिस व्हेरिएबलमध्ये ठेवून त्यावर अवेट करा, आणि खालचे देनही त्याच प्रॉमिसवर लावा. आजच्या इंजिनांत क्रम तोच राहतो. मात्र ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १० वर, म्हणजे २०१८ च्या आवृत्तीवर, देन आधी आणि परत नंतर छापले जात असे, कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रॉमिसवर अवेट केले की ते आणखी एका प्रॉमिसमध्ये गुंडाळले जाई आणि तीन मायक्रोटास्क खर्ची पडत. पुढे नियमच सुधारला गेला आणि २०१९ च्या नोड १२ पासून एकाच मायक्रोटास्कमध्ये काम भागते. जुन्या उत्तरसूचीशी तुमचे उत्तर जुळले नाही तर ती उत्तरसूची कोणत्या वर्षाची आहे, हेही पाहावे.

अर्धविराम

नदीकाठ, चार रकान्यांची कल्पना मी माझ्या वहीत उचलली आहे. एसिंकची माझी सगळी कोडी आता उभ्या रेघेऐवजी त्या तक्त्यातच सुटतील.

उंबरठा

फळ्यासारखा तक्ता आखून मी हे कोडे दोनदा सोडवले. पहिल्यांदा "आत" चुकले, दुसऱ्यांदा सगळे बरोबर आले. प्रोटोटाइप (ऑब्जेक्टांचा सामायिक साठा) आणि धिस (फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर चालते ते) यांवरही असेच एखादे कोडे मिळेल का? या दोन्हींवर मी तीन व्हिडिओ पाहिले आहेत, आणि पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते.

पानगळ

प्रोटोटाइपचे माझ्याकडून घ्या. वही नावाचे कन्स्ट्रक्टर फंक्शन आहे, आत काहीही नाही. त्याच्या प्रोटोटाइपवर दोन गोष्टी ठेवल्या आहेत: पाने हा रिकामा अ‍ॅरे आणि क्रमांक हा ० आकडा. न्यू वापरून अ आणि ब अशा दोन वह्या केल्या. अ च्या पाने या अ‍ॅरेत पुश करून एक पान घातले आणि अ च्या क्रमांकात += ने १ मिळवला. आता ब च्या पानांची लांबी किती आणि ब चा क्रमांक किती?

लांबी १ येते आणि क्रमांक ० राहतो. दोन्ही गोष्टी प्रोटोटाइपवरच होत्या, तरी एक दोघींना दिसली आणि दुसरी दिसली नाही. वाचताना साखळीतून वर जाऊन शोधले जाते, पण लिहिताना समोरच्या ऑब्जेक्टवरच लिहिले जाते. पुश म्हणजे आधी पाने वाचणे आणि मग मिळालेल्या सामायिक अ‍ॅरेत भर घालणे. तिथे अ वर काहीच लिहिले गेले नाही. += मध्ये प्रोटोटाइपवरचा ० वाचला गेला आणि १ मात्र अ वर लिहिला गेला, म्हणजे अ ला स्वतःचा क्रमांक मिळाला. पुशऐवजी अ ची पाने बरोबर अ च्या पानांना कॉन्कॅट असे लिहून पाहा, आणि चालवण्याआधी ब ची लांबी वहीत लिहा.

धिसबद्दल थोडक्यात सांगतो. साध्या फंक्शनचा धिस ते कुठे लिहिले यावर ठरत नाही, ते कसे बोलावले यावर ठरतो. ऑब्जेक्टवरची मेथड व्हेरिएबलमध्ये काढून नुसती बोलावली की मागचे ऑब्जेक्ट सुटते, आणि स्ट्रिक्ट मोडमध्ये धिस अनडिफाइन्ड होतो. अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचा धिस नसतो, ते बाहेरचा घेते. इथे सर्वांची गफलत होते ती अशी की ऑब्जेक्टच्या महिरपी कंसालाच लोक "बाहेर" समजतात. तो कंस व्याप्ती तयार करत नाही. त्यामुळे ऑब्जेक्टमध्ये थेट लिहिलेल्या अ‍ॅरो मेथडला ते ऑब्जेक्ट धिस म्हणून कधीच मिळत नाही.

तळटीप

माझा रोजचा संबंध मराठी मजकुराशी येतो, आणि आपल्या लिपीमुळे स्ट्रिंगची जी कोडी तयार होतात ती इंग्रजीतल्या कोड्यांच्या संग्रहांत मला फारशी आढळली नाहीत. ती इथे मांडणे मला महत्त्वाचे वाटते, कारण हे नियम माहीत नसल्याचा भुर्दंड मराठीतून फॉर्म भरणाऱ्या माणसाला पडतो.

"ज्ञानेश्वर" या स्ट्रिंगची लांबी किती? आपण बोटे मोडली तर ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे होतात. लेंग्थ १० सांगते: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. लेंग्थ अक्षरे मोजत नाही, ती युटीएफ-१६ चे १६ बिटांचे एकक मोजते. आता "मराठी" ही स्ट्रिंग रिकाम्या स्ट्रिंगवर स्प्लिट करून, रिव्हर्स करून जोडा. इंग्रजी शब्द उलटा करण्याचे हे सर्वपरिचित उत्तर आहे. इथे सुरुवातीला एक निराधार दीर्घ वेलांटी येते आणि तिच्यामागे "ठारम" येते. स्प्लिटऐवजी स्प्रेड वापरले तर इमोजीचे दोन तुकडे होण्याचे थांबते, पण देवनागरीला त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण आपली वेलांटी हा मुळातच स्वतंत्र संकेतबिंदू (युनिकोडमध्ये चिन्हाला दिलेला क्रमांक) आहे. त्यासाठी मजकूर अक्षरांत तोडणारे इंटल डॉट सेग्मेंटर वापरावे लागते. तिथेही युनिकोडच्या नियमांची आवृत्ती पाहावी लागते. जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, आणि त्याआधीच्या नियमांनी ज् आणि ञा वेगळे पडतात.

दुसरे कोडे थोडे खोल आहे. दोन स्ट्रिंगांत "दुसऱ्या" हाच शब्द आहे, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात, आणि तीन बरोबरींच्या चिन्हाने तुलना केली तर फॉल्स येते. हे कसे? यातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकाच संकेतबिंदूने, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतबिंदूंनी. कोणत्या कळफलकावरून टाइप केले यावर ते ठरते. दोन्ही बाजूंना नॉर्मलाइझ (साठवण एकसारखी करणारे फंक्शन) लावले की तुलना खरी ठरते. आमच्याकडे शोधाच्या खान्यात काही शब्द सापडत नाहीत अशी तक्रार कितीतरी दिवस येत होती आणि आम्ही सर्व्हरच्या नोंदी तपासत बसलो होतो. सापडत नसलेल्या शब्दांची यादी एका सहकाऱ्याने कागदावर काढली, तेव्हा प्रत्येक शब्दात ऱ होता.

तिसरे कोडे नवशिक्यांसाठी. लेट वही१ बरोबर १, असे आकड्यांसह पूर्ण देवनागरीत लिहिले तर काय होईल? नाव चालते, कारण व्हेरिएबलच्या नावात देवनागरी अक्षरे आणि पहिल्या अक्षरानंतर देवनागरी अंकही चालतात. किमतीच्या जागचा १ मात्र चालत नाही आणि सिंटॅक्स एरर येते. त्याच कारणाने नंबर या फंक्शनला "१२" ही देवनागरी स्ट्रिंग दिली तर नॅन, म्हणजे "आकडा नाही", येते, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या अंकांच्या नेहमीच्या खुणेत आपले अंक बसत नाहीत. उलट दिशेने मात्र सोय आहे. १२३४५६७ या आकड्यावर मराठी लोकॅल देऊन टूलोकॅलस्ट्रिंग बोलावले की "१२,३४,५६७" असे लाखाच्या स्वल्पविरामासकट छापले जाते. म्हणजे भाषा आपले अंक लिहू शकते, पण वाचत नाही. वाचायचे असतील तर ते आपणच बदलून द्यावे लागतात.

अर्धविराम

तळटीप, "दुसऱ्या"चे कोडे वाचून मी आमच्या कोडमध्ये नॉर्मलाइझ हा शब्द शोधला. तो एकाही ठिकाणी नव्हता. उद्या पहिले काम तेच करणार आहे.

यावरून सॉर्टच्या कोड्याचे पुढचे पाऊल सुचते. "बस" आणि "बळ" सॉर्ट केले तर बळ आधी येतो, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून शब्दकोशात बस आधी आणि बळ नंतर. तुलनेसाठी मराठी लोकॅलचा इंटल डॉट कोलेटर दिला की क्रम वर्णमालेप्रमाणे लागतो. आकड्यांच्या तक्त्यात माझी जी चूक झाली, तीच नावांच्या यादीत होते आहे का, हेही उद्या पाहते.

नदीकाठ

एक मुद्दा राहतो आहे. "काय छापले जाईल" या कोड्यांनी कोड वाचण्याची समज वाढते, पण लिहिण्याची वेळ आली की विद्यार्थी पुन्हा अडतात. म्हणून मी शेवटच्या दोन आठवड्यांत उलटी कोडी देते: भाषेत किंवा नेहमीच्या लायब्ररींत तयार असलेली गोष्ट स्वतः लिहून दाखवायची. अ‍ॅरेचे मॅप आणि रिड्यूस, डीबाउन्स (लागोपाठच्या हाका थांबेपर्यंत फंक्शन लांबवणे), आणि सर्वांत शेवटी प्रॉमिस डॉट ऑल (सगळी प्रॉमिसे पूर्ण झाली की निकाल एकत्र देणारे).

प्रॉमिस डॉट ऑलमध्ये दरवर्षी एक ठरलेली चूक दिसते. निकालांचा रिकामा अ‍ॅरे घेतात, प्रत्येक प्रॉमिस पूर्ण झाले की त्याच्या क्रमांकाच्या जागी निकाल ठेवतात, आणि निकालांची लांबी प्रॉमिसांच्या संख्येइतकी झाली की सगळे संपले असे मानतात. तीन प्रॉमिसे एकामागून एक पूर्ण झाली तर हे अगदी नीट चालते. तिसरे आधी पूर्ण झाले तर काय होते? क्रमांक २ च्या जागी निकाल ठेवल्याबरोबर अ‍ॅरेची लांबी ३ होते आणि पहिले दोन निकाल रिकामे असतानाच बाहेरचे प्रॉमिस पूर्ण होते. लांबी म्हणजे भरलेल्या जागांची संख्या नव्हे, ती सर्वांत मोठ्या क्रमांकापेक्षा एकाने जास्त असते. त्यामुळे वेगळा मोजक ठेवावा लागतो. आणि रिकामा अ‍ॅरे दिला तर एकही देन चालत नाही, म्हणून ती स्थिती आधीच हाताळली नाही तर प्रॉमिस कायमचे लटकून राहते. क्लोजर, एसिंक आणि अ‍ॅरे या तिन्हींची उजळणी या वीस ओळींत होते.

पानगळ

नदीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी हे पान जपून ठेवतो आहे, आणि प्रॉमिस डॉट ऑल आज रात्री पुन्हा एकदा न पाहता लिहून बघणार आहे.

उंबरठा

अर्धविराम ताई, मी आजपासून वही घातली आहे. सुरुवातीला रोज किती कोडी सोडवावीत? आणि एखादे सोपे कोडे द्याल का?

अर्धविराम

रोज दोनच सोडवा, पण दोन्हींचे कारण पूर्ण वाक्यात लिहा, आणि चुकलेले कोडे आठवड्याने, उत्तर झाकून, पुन्हा सोडवा. मी चुकलेल्या कोड्यांच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवते, आणि तेच कोडे दोनदा बरोबर आले की कोपरा सरळ करते.

हे कोडे घ्या, वाटते तितके सोपे नाही. ["१०", "१०", "१०", "१०"] या स्ट्रिंगांच्या अ‍ॅरेवर मॅप बोलावले आहे आणि मॅपला पार्सइंट हे फंक्शन थेट दिले आहे. आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे, तळटीप यांनी कारण दिलेच आहे. तुम्हाला ते सुटले, तर बदल असा: मॅप बाजूला ठेवून पार्सइंटला ०.०००००५ हा आकडा द्या, आणि मग त्यात आणखी एक शून्य वाढवून ०.०००००५ चा ०.००००००५ करा.

उंबरठा

काल उत्तर जमले नाही, म्हणून आज लिहिते आहे. पहिल्या कोड्यात मी चार वेळा १० असे लिहिले होते. चालवल्यावर १०, नॅन, २, ३ आले. मग मॅप फंक्शनला काय काय देते ते वाचले. ते घटक देते, त्याचा क्रमांक देते आणि पूर्ण अ‍ॅरेही देते. पार्सइंट त्यातला दुसरा आकडा संख्यापद्धतीचा पाया म्हणून घेते. पाया ० असेल तर ते दहाच धरते, म्हणून पहिले उत्तर १०. पाया १ चालत नाही, म्हणून नॅन. पाया २ असताना "१०" म्हणजे २, आणि पाया ३ असताना "१०" म्हणजे ३. पार्सइंटच्या जागी नंबर घातले तर चारही १० येतील असे मी आधी वहीत लिहिले आणि मग तपासले. तसेच आले, कारण नंबर दुसऱ्या आकड्याकडे पाहतच नाही.

बदललेल्या कोड्यात दोन्ही वेळा ० येईल असे लिहिले होते. पहिल्यांदा ० आला, दुसऱ्यांदा ५ आला. कारण शोधायला पाऊण तास लागला. पार्सइंट आधी आकड्याची स्ट्रिंग करते, आणि दशलक्षांशापेक्षा लहान आकड्याची स्ट्रिंग घातांकाच्या रूपात होते, म्हणजे "५ई-७" अशी. पार्सइंट पहिला ५ वाचते आणि ई आला की थांबते. पानाचा कोपरा दुमडला आहे. पुढच्या मंगळवारी पुन्हा सोडवीन.